खटका पाडलास?

लाईट गेली की आमच्या घरी सगळी बटणं बंद करतात, फक्त पडवीतल्या बल्बचं सोडून. ते चालू राहू द्यायचं. म्हणजे लाईट आली की बसल्या जागी कळतं. आईनं हे बहुतेक तिच्या आईकडून उचललं आणि मी आईकडून. रत्नागिरीत लाईट जाणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. वारा जरा जोरात सुटला की कुठेतरी एखादी फांदी तारेवर टेकते आणि सगळे पंखे गरगरत थांबतात. आपण अंधारात बसतो आणि अधूनमधून पडवीकडे बघतो. ही एक सवय आहे, आणि सवय कुठेही आपल्यासोबत येते, असा विचार मी कधी केला नव्हता. दादांच्या मधल्या बोटाचं टोक गेलं तोपर्यंत.

दादा माझे भाऊ नव्हेत. मी ज्या सुतारकामाच्या शेडमध्ये शिकायला जाते तिथले ते कारागीर. वय पंचेचाळिसाच्या आसपास. मूळचे बुरोंडीकडचे, घरात होड्या बांधायचं काम होतं, ते बंद पडल्यावर इकडे आले. शेड मिस्त्रीकाकांची. ते मंडणगडच्या डोंगरातले, साठीच्या पुढचे, अंगानं काटकुळे. त्यांच्या दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. आमच्या धंद्यात एवढ्या वयाला ही गोष्ट लोकांना दाखवण्यासारखी असते आणि ते दाखवतातही. कुणी नवं गिऱ्हाईक आलं की मापं घ्यायच्या आधी काका टेबलावर हात पालथे ठेवतात. "मोजा," म्हणतात.

मी पुण्यात इंटिरियरचा डिप्लोमा करून परत आले तेव्हा मला चित्रं छान काढता येत होती. खिडकीतल्या बैठकीचं एक चित्र मी बाबांबरोबर काकांकडे पाठवलं. काकांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "कागदावर उभं राहील. भिंतीला नाय राहणार." बाबांनी घरी येऊन हे हसत सांगितलं. मला रात्रभर ते खुपत राहिलं. आठवड्यानं मी बाबांना म्हटलं, त्यांच्याकडे शिकायला मिळेल का विचारा. विचारायला बाबाच गेले. मी त्यांच्या स्कूटरमागे उभी होते.

काकांनी माझ्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघितलं.

"ओढणी नको. बांगड्या नको. मनगटातला तो दोरा काढायचा. केस बांधून, टोपीत. आणि तोंड हवं."

"तोंड?" बाबांनी विचारलं.

"बोलायला. हिला तोंड हाय काय?"

मी मान हलवली.

"बघा," काका बाबांना म्हणाले. "हे चालणार नाय."

पण त्यांनी मला घेतलं. शेडचे नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, आणि त्यातला मुख्य नियम तोंडाचाच होता. कटर, म्हणजे फळ्या चिरायचं मशीन, चालू असतो तेव्हा प्रत्येकाचे डोळे पात्यावर असतात, कुणीही कुणाच्या मानेकडे बघत नसतं. म्हणून इथे सगळं ओरडून सांगायचं. मशीन लावणारा ओरडतो, "चालू!" बाकीच्यांनी म्हणायचं, "ऐकलं!" बंद करणारा खटका खाली ओढतो आणि ओरडतो, "पाडला!" पुन्हा सगळे, "ऐकलं!" "ऐकलं" आल्याशिवाय कुणी पुढचं काम करायचं नाही. आमचा खटका जुन्या पद्धतीचा आहे, खांबावर लोखंडी पेटी आणि तिला बाहेर दांडी. दांडी वर, मशीन चालू. दांडी खाली, बंद. लहान मुलालाही कळेल.

मला ओरडता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात विचारलं तर उत्तर द्यायचं, तेही हळू, असं बारा वर्षं केलेलं. मराठी घरात बोलायची भाषा, तीसुद्धा तुकड्यातुकड्यांत. चार परक्या पुरुषांसमोर मोठ्यानं बोलायचं म्हटलं की माझा आवाज छातीतच अडकतो. दादा म्हणायचे, "बाय, तू 'पाडला' बोलतेस का मनात जप करतेस?" मी हसायचे. हसणं आणि मान हलवणं या दोन गोष्टींवर मी बरंच आयुष्य काढलं होतं.

सुरुवातीच्या चुका त्यातूनच आल्या. पहिल्या आठवड्यात काकांनी फणसाची एक सुंदर फळी माझ्यापुढे ठेवली, हळदीसारखी पिवळी, आणि म्हणाले, "एकोणचाळीस इंचावर खूण कर नि काप." मराठीतले 'एकोण'चे आकडे मला आजही पटकन कळत नाहीत. एकोणचाळीस म्हणजे नेमके किती, हे तिथेच विचारायला हवं होतं. मी मान हलवली. मनातल्या मनात मोजलं, चुकलं, आणि एकोणतीसवर कापलं. दादांनी तुकडा उचलून उजेडात धरला. "दरवाजा कुणासाठी गो? मांजरासाठी?" काकांनी तुकडा बाजूला ठेवला. ती फळी त्यांनी दोन वर्षं सावलीत सुकवली होती, हे मला नंतर कळलं.

मग हातमोजे. मी वाचून आले होते. सुरक्षेबद्दल इंग्रजीत जेवढं मिळेल तेवढं वाचलं होतं आणि व्हिडिओ बघितले होते. चष्मा आणि जाड हातमोजे मागवले आणि दोन्ही घालून कटरपाशी उभी राहिले. काकांनी पहिला हातमोजा स्वतः ओढून काढला.

"चष्मा ठेव. चष्मा चांगला हाय. हे काढ."

"पण हाताला..." मी म्हटलं.

"पातं कातडं कापतं. कापडाला कापत नाय, गुंडाळतं. बोट जातंय तिथं मग कोपरापर्यंत हात जाईल. फिरत्या मशीनला मोजे नाय, लोंबतं काही नाय."

हे त्याच व्हिडिओंमध्येही सांगितलं असणार. मी तेवढंच बघितलं होतं जेवढं विकत घेता येतं.

आणि पटाशी. चौकटीला खाच पाडत होते. डाव्या हातानं लाकूड धरलं, उजव्या हातात पटाशी, आणि डावा हात नेमका पटाशीच्या धारेसमोर. लाकडात गाठ होती. पटाशी सटकली आणि अंगठ्याच्या मुळाशी घुसली. फार नाही, पण रक्त आलं. मी हात कुर्त्याच्या आत घेतला आणि एका हातानं लाकूड घासत बसले. अर्धा तास. सांगितलं असतं तर सगळे जमले असते, विचारलं असतं, मला बोलावं लागलं असतं. काका जवळून जाताना थांबले.

"सागाला कधीपासून रक्त यायला लागलं?"

त्यांनी हळद आणली नाही की काही नाही. नळाखाली हात धरायला लावला, स्वच्छ फडक्यानं दाबून धरला आणि दवाखान्यात पाठवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला. जाताना म्हणाले, "दोन्ही हात पटाशीच्या मागे. लाकूड शिकंज्यात धरायचं, हातात नाय. आणि लागलं की बोलायचं. लपवलेली जखम पिकते."

मी मान हलवली. त्यांनी कपाळाला हात लावला.

हे सगळं सांगते कारण त्या मे महिन्यातली गोष्ट अचानक झाली नाही. ती या सगळ्याच्या रांगेत उभी होती.

दिवस उकाड्याचा होता. मी आणि दादा कटरवर फणसाच्या फळ्या चिरत होतो. मी इकडून फळी पुढे ढकलत होते, दादा पलीकडून ओढून घेत होते. खटक्याचा खांब माझ्या बाजूला. निम्मी फळी चिरून झाली आणि लाईट गेली. पात्याचा आवाज खाली खाली येत थांबला. एकदम इतकी शांतता झाली की बागेतल्या कलमांवरून आंबा पडलेला ऐकू आला.

"घे मागं," दादा म्हणाले. आम्ही फळी मागे ओढली. पात्याच्या फटीत लाकडाची एक लांबट कपची अडकलेली दिसत होती.

"खटका पाडलास?" दादांनी विचारलं. ते फळी भिंतीला लावत होते.

मी चष्मा काढून तोंडावरचा घाम पुसत होते. मान हलवली. त्यांनी वळून ती बघितली.

मला त्या क्षणी खरंच वाटलं होतं का, की मी खटका पाडला आहे? हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलं आहे. वाटलं होतं, की विचारच केला नव्हता? माझी मान प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी हलते. लाईट गेलेली होती, मशीन थांबलेलं होतं, आणि माझ्या डोक्यात कुठेतरी आमची पडवी होती. एक चालू ठेवायचं म्हणजे आली की कळतं.

बाहेर जांभ्याच्या कट्ट्यावर चहा घेतला. काका समोर ओणवे होऊन दाराच्या चौकटीवर खुणा करत होते. दादांनी चहा दोन घोटांत संपवला. त्यांना बसवत नाही. "ती कपची काढून ठेवतो," म्हणून आत गेले.

मी कप हातात धरून बसले होते आणि मला खटक्याची दांडी आठवेना. हाताला लोखंडाचा गारवा लागलेला आठवेना. खाली ओढताना ती 'खट्' असं वाजते, ते वाजलेलं आठवेना. कुलूप लावलं की नाही असं वाटतं ना, तसं. मी कप खाली ठेवला आणि उठले. दारातून दादा दिसत होते, मशीनवर वाकलेले, उजवा हात फटीत.

मला ओरडायला हवं होतं. "दादा, हात!" एवढंच. पण काका होते, समोरच्या वाटेनं कुणीतरी बाई सायकल घेऊन चालली होती, आणि कदाचित खटका पाडलेलाही असेल, मग उगाच ओरडले असं झालं असतं. मी चालत निघाले. भरभर, पण चालत. कट्ट्यापासून खांबापर्यंत दहाबारा पावलं असतील. चार-पाच राहिली होती तेव्हा शेडमधला पंखा हलला.

दादा ओरडले नाहीत. एक श्वास आत घेतल्यासारखा आवाज आला आणि ते मागे सरकून भुशात बसले. पातं फिरत होतं. मी खटका पाडला. तेव्हा तो वाजला. मी "पाडला" म्हटलं की नाही ते आठवत नाही, कुणी "ऐकलं" म्हटलं नाही.

काका धावत आले. खांद्यावरचा पंचा त्यांनी दादांच्या हाताला घट्ट आवळला आणि हात वर धरायला लावला. "रिक्षा," ते मला म्हणाले. रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवायला मला हाक मारावी लागली. ती मारता आली. मला आजही त्याचाच राग येतो, की तेव्हा मारता आली.

नखासकट वरचं टोक गेलं होतं. डॉक्टरांनी हाड थोडं घासून कातडं शिवलं. काका बाकावर बसले होते, हात मांड्यांवर पालथे, आणि त्या हातांकडे बघत होते. पट्टी बांधून दादा बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य हे विचारलं: "खटका कुणी बघितला होता?"

मी तिथेच उभी होते. दादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझंच चुकलं, मिस्त्री. बघायला हवा होता."

"हात घालणाऱ्यानं स्वतः बघायचा. किती वर्षं सांगतोय?"

"होय."

"होय काय? आज तुझं बोट, उद्या कुणाचा हात?"

मी बोलले नाही. दवाखाना होता, लोक होते, दादांना दुखत होतं, ही वेळ नव्हती. दुसऱ्या दिवशीही वेळ नव्हती. तिसऱ्या दिवशी मला कळलं की वेळ कधीच नसते.

दादा घरी होते त्या तीन आठवड्यांत मी घरात एका जागी बसू शकत नव्हते. गॅसचं बटण बघायचे, परत बघायचे, बोटानं दाबून बघायचे. आंघोळीला जाताना गिझरचं. अंथरुणातून उठून पडवीतलं. आई म्हणायची, "काय फिरतेस मांजरीसारखी?" मी काही नाही म्हणायचे. शेडमध्ये जावंसं वाटायचं नाही, पण घरी बसलं तर बटणंच बघत राहायचे, म्हणून जायचे.

आणि मग काकांनी मला दादांच्या जागी उभं केलं.

"फळी आता तू ओढायची," ते म्हणाले. "तो आला की पॉलिश पेपरला बसेल. ज्याला खटका बघता येत नाय त्यानं मशीनला हात लावायचा नाय. माझ्या शेडीत नाय."

दादांनी आयुष्यात घासकाम केलेलं नव्हतं. होडीच्या बाकदार फळ्या हातानं चिरायला शिकलेला माणूस. ते फळी ओढायला उभे असले की मागे पट्टी लावून तपासायची गरज नसायची, रेघ सरळ यायची. ते कोपऱ्यात बसून पेपरनं दारं घासतील आणि मी त्यांच्या जागी उभी राहीन. मी "बरं" म्हटलं. तोंडानं म्हटलं. काकांना बरं वाटलेलं दिसलं.

एका रविवारी मी दादांच्या खोलीवर गेले, खाडीजवळ. वहिनींनी बसायला पाट दिला आणि कोकम सरबत आणलं. दादांचा हात उशीवर होता.

"मी खटका पाडला नव्हता," मी म्हटलं. इथवर येताना हे वाक्य मी रस्ताभर मनात म्हणत आले होते.

"माहीत हाय," दादा म्हणाले. "दुसरा कोण पाडणार? खांब तुझ्या बाजूला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"मी इचारलं, तू मान हलवलीस, मी ती मान खरी मानली. दोघांची चूक. पण बोट माझं, म्हणून बोलायचं कसं ते मी ठरवणार. तू काय सांगू नको. मिस्त्री तुला काढेल. मला काढणार नाय."

"ते तुम्हाला पॉलिशला बसवणार आहेत."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी उशीवरचा हात थोडा सरकवला. वहिनी आतून म्हणाल्या, "बरं झालं. मशीन नको ती." दादा खिडकीतून बघत राहिले. बाहेर जाळी वाळत घातली होती. मी सरबत संपवलं आणि निघाले. त्यांनी निरोप दिला नाही.

परत येताना मला एक गोष्ट आठवली आणि मी चालता चालता थांबले. मी एक बटण व्हिडिओत बघितलं होतं. लाईट गेली की आपोआप पडतं, आणि लाईट आली तरी कुणी दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. शेडमध्ये आले त्याच महिन्यात बघितलं होतं. आपल्या खांबावर तसं का नाही, हेही मनात आलं होतं. सांगितलं नव्हतं. कालची आलेली मुलगी मिस्त्रीकाकांना काय सांगणार, असं वाटलं होतं.

दादा आले तो दिवस मंगळवार होता. बोटाला अजून पातळ पट्टी होती. आल्या आल्या ते सवयीनं कटरच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, आपल्या जागी. मी तिथे आधीच उभी होते. आम्ही दोघं क्षणभर एकमेकांच्या आड आलो, दारात येतात तसे.

काका फळी लावत होते. मशीन चालू होतं. त्यांनी मान वर न करता कोपऱ्याकडे हात केला. "तिकडं. पेपर काढून ठेवलाय."

दादा गेले. खाली बसले. पेपरचा तुकडा त्यांनी डाव्या हातात घेतला, मग उजव्या, मग परत डाव्या.

"काका," मी म्हटलं.

मशीन चालू होतं. ऐकू गेलं नाही.

"काका!"

"काय? फळीकडे बघ."

मी खांबाकडे गेले आणि दांडी खाली ओढली. खट्. "पाडला!" मी ओरडले. आवाज फाटला, पण आला. काकांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. कोपऱ्यातून दादांचा आवाज आला, "ऐकलं." ते सवयीनं बोलले असतील.

"त्या दिवशी खटका मी पाडला नव्हता," मी म्हटलं. पात्याचा आवाज अजून पुरता थांबला नव्हता, त्यामुळे मी अजून ओरडतच होते. "दादांनी विचारलं होतं, पाडलास का. मी मान हलवली. मला नंतर आठवलं, मी बघायला उठले, दादा वाकलेले दिसले, मी हाक मारली नाही. चालत गेले."

पातं थांबलं. शेवटचं वाक्य एकदम मोठं वाटलं.

काकांनी फळी खाली ठेवली. ते बाहेर गेले. मडक्यातून पाणी घेतलं, प्यायले, उरलेलं अळवाच्या मुळाशी ओतलं. मला वाटलं आता बाबांना फोन करतील. ते आत आले आणि माझ्याकडे न जाता दादांपुढे उभे राहिले.

"आणि तू तीन आठवडे तोंडात बांगडा धरून बसला होतास?"

"बोंबील होता, मिस्त्री. बांगडा मावत नाय."

"हसू नको. तुझी चूक हायच. दुसऱ्याच्या मानेवर बोट ठेवलंस."

"होय."

"ऊठ."

दादा उठले. काका मग माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं त्यांचा आवाज चढेल. तो चढला नाही, आणि ते जास्त कठीण होतं.

"पावसाळाभर मशीनला हात लावायचा नाय. तिकडं बसायचं. गणपतीनंतर बघू."

"बरं," मी म्हटलं. "आणि एक बटण मिळतं काका. लाईट गेली की आपोआप पडणारं. मला आधीपासून माहीत होतं."

"अजून काय काय माहीत हाय तुला?" त्यांनी विचारलं. हे टोमण्यासारखं होतं, पण ते उत्तराची वाट बघत थांबले होते, म्हणून मी जे आठवलं ते सांगितलं. फळी उलटी मारते तेव्हा पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. पात्यामागे एक पाचर बसवतात, चिर मिटू नये म्हणून, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी सांगू नको म्हटलेलं मी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मशीनच्या पलीकडून आवाज आला, "काय गो, घासतेस का लाकडाला गोंजारतेस?" त्यांचं ते बोट फळीवर टेकत नाही, ते वर धरतात, चहाचा कप धरताना करंगळी वर धरतात तसं. रेघ सरळ येते. पण आता ते प्रत्येक फळीला मागाहून पट्टी लावून बघतात, हे मी कोपऱ्यातून बघते.

नवं बटण वायरमननं बसवलं. हिरवं आणि लाल. लाईट गेली की आत टक् करून पडतं. तरीही काका म्हणतात, ते मशीन पाडतंय, तुम्ही नाय पाडलंत, खटका पाडायचाच. आणि ओरडायचं. काकांनी गिऱ्हाइकांपुढे हात पालथे ठेवणं बंद केलं आहे. त्यांची दहा अजून दहाच आहेत. मी कारण विचारलं नाही.

परवा संध्याकाळी घरी लाईट गेली. आईनं नेहमीप्रमाणे बटणं बंद केली. मी उठून पडवीतलं बंद केलं.

"ते कशाला? आली कळणार कशी?"

"मी सांगेन."

"तू?" आई हसली आणि आत भाकऱ्यांकडे गेली.

मी पायरीवर बसून राहिले. समोरच्या घरी कुणी इन्व्हर्टरवर टीव्ही बघत होतं, त्यावरून काही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं रस्त्यावरचा दिवा लुकलुकला, विझला, मग लागला.

"लाईट आली!" मी ओरडले. कुंपणापलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

आतून काही आवाज नाही. मी थांबले. बटणाला हात लावला नाही.

"ऐकलं गो," आई म्हणाली.